अडीचशे रुपयांची मर्यादा आणि चिठ्ठीत निघाले मोठे भासरे! काय द्यावं?

खामल्याची_सून
नमस्कार मंडळी. सासरचे आम्ही सगळे नाताळच्या सुट्टीत काटोल रोडवरच्या शेतावर जमतो. यंदा पुतणीने टूम काढली की चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची आणि कोणी दिली ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. मर्यादा २५० रुपये, म्हणजे कॉलेजातल्या पोरांनाही झेपेल.

माझ्या चिठ्ठीत आले मोठे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. वीज मंडळातून निवृत्त, वय सत्तरीच्या आसपास. काहीही दिलं तरी "मले काय कराचं हाय आता याचं" हे ठरलेलं. दिवाळीला दिलेला शर्ट अजून पिशवीतून निघालेला नाही. गोड चालत नाही, वाचनाची फारशी आवड नाही, पूजेतलं काही द्यावं तर ते खातं जाऊबाईंचं.

एवढ्या पैशात माणसाला खरंच आवडेल असं तुम्ही काय दिलं आहे किंवा तुम्हाला काय मिळालं आहे? आणि कृपा करून फोटो छापलेला मग सुचवू नका. घरात मगांची पलटण आहे.

तर्रीबाज
वीज मंडळवाले ना? टेस्टर द्या. विषय संपला.

महालची_लेक
तर्रीबाज, सकाळी सकाळी पोहे खाऊन आला वाटते.

ताई, खाण्याचं देणं सगळ्यात सोपं. गोड नाही तर तिखट द्या. भिवापुरी मिरचीचं तिखट घरी कुटून, जवसाची चटणी आणि वायगावची हळद, अशा तीन छोट्या बरण्या. मिरची आणि हळद दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, तेवढंच चिठ्ठीवर लिहायला होते. बरण्या इतवारीत डझनाच्या भावात स्वस्त पडतात. मी गेल्या वर्षी नणंदेच्या नवऱ्याला हेच दिलं, ते बंगलोरला राहतात. जवसाची चटणी संपल्यावर त्यांचा स्वतःहून फोन आला. लग्नानंतर पहिल्यांदा.

शून्यमैल
मूळ प्रश्नाला फाटा देतो, माफ करा. हे चिठ्ठ्यांचं खूळ ऑफिसातून घरात कशाला आणायचं? आमच्या ऑफिसात दर डिसेंबरला होते. मला एकदा हसरा बुद्ध मिळाला, दुसऱ्यांदा त्याच्याहून मोठा हसरा बुद्ध मिळाला. दोघं टीव्हीवर बसून माझ्याकडे पाहून हसून राहिले. त्यापेक्षा सगळ्यांचे अडीचशे गोळा करा, एक फक्कड सावजी जेवण होते.

बर्डीकर
अडीचशेत सावजी? कोणत्या साली जेवून आलात?

मास्तर_निवृत्त
शून्यमैल यांच्या मताला अर्थशास्त्रात आधार आहे. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९९३ साली विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळात मिळालेली वस्तू तुम्ही स्वतः विकत घेतली असती तर किती पैसे मोजले असते. उत्तरांवरून त्याने हिशेब मांडला की भेटवस्तूंच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशपर्यंतचा भाग वाया जातो. सगळ्यात जास्त नुकसान काका, आत्या, आजी-आजोबा यांच्या भेटींत. मित्रमैत्रिणींच्या भेटींत सगळ्यात कमी.

पण एक गोष्ट लोक सांगायची विसरतात. भावनिक किंमत बाजूला ठेवून आकडा सांगा, असं त्याने विद्यार्थ्यांना बजावलं होतं. म्हणजे पुरणातून गूळ काढून चव विचारायची.

शून्यमैल
मास्तर, धन्यवाद. हसऱ्या बुद्धांत भावनिक किंमतही नव्हती, हे नोंदवून ठेवा.

खामल्याची_काकू
अगं सूनबाई, आपल्या खामल्याची निघालीस! या मुलांना वाटते चिठ्ठ्या काढून त्यांनी काही नवीन शोध लावला. आपण बायका दर संक्रांतीला काय करतो? हळदीकुंकवाला पन्नास जणी येतात, प्रत्येकीच्या हातावर वाण ठेवायचं आणि एकीचेही वीस-पंचवीस रुपयांच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. हे गणित आम्ही कोणाकडून शिकलो नाही.

माझा नियम सांगते. वाणात शोभेचं काही द्यायचं नाही, कारण प्लास्टिकची फुलदाणी पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या घरून आपल्याच घरी परत येते. वापरून संपेल किंवा रोज हाताला लागेल तेच द्यायचं. एका वर्षी मी चहाची गाळणी दिली होती, जाड जाळीची, स्टीलची. पुष्कळ जणींकडे अजून तीच आहे. चहाला गेले की दिसते. कोणी म्हणेल गाळणी काय द्यायची, पण देताना मी पाहिलं होतं की अर्ध्या घरांत प्लास्टिकची वितळलेली गाळणी आहे.

जरीपटका_एक्सप्रेस
काकू, फिरत्या ब्लाउजपीसची आठवण आली. आमच्या आईने एका ब्लाउजपीसच्या घडीत पेनाने बारीक खूण करून ठेवली होती. वर्ष-दीड वर्षात तो नागपूर, अमरावती, यवतमाळ करून एका लग्नात तिच्याच ओटीत आला. आईने शांतपणे पुढच्या घरी धाडला.

तर्रीबाज
आणि लेमन सेट! आमच्या लग्नात आलेले लेमन सेट लॉफ्टवर अजून खोक्यात आहेत. कोणाला पाहिजे असतील तर मर्यादेत बसतात, फुकट देतो.

पुणेरी_जावई
नागपूरचा जावई या नात्याने एक पदरचा अनुभव. आमच्याकडे गेल्या वर्षी मर्यादा ३०० होती. एका साडूंनी ब्लूटूथ स्पीकर आणला. किंमत कोणी विचारली नाही, पण सगळ्यांना कळली. ज्या भाचीने स्वतः विणलेला रुमाल दिला होता, तिचा चेहरा उतरला. माझ्या मते मर्यादा म्हणजे मर्यादा. जास्त खर्च करणाऱ्याला उदार म्हणू नये, त्याने खेळ बिघडवला असं म्हणावं.

इतवारीचा_भाऊ
पण साडूभाऊंनी प्रेमानं आणलं असंल ना बाप्पा. माणूस देऊन राहिला तर त्याले काऊन बोलता?

पुणेरी_जावई
प्रेम असेल तर तीनशेत बसवायचं. त्यातच कौशल्य आहे.

मास्तर_निवृत्त
इथे मी पुणेरी जावयांच्या बाजूने. २००९ साली स्टॅनफर्डच्या फ्लिन आणि अॅडम्स या दोन संशोधकांनी साखरपुड्याच्या अंगठ्या, वाढदिवसाच्या भेटी यांबद्दल लोकांना विचारलं. देणाऱ्याला वाटत होतं की महाग दिलं की समोरचा जास्त खूश होतो. घेणाऱ्यांच्या उत्तरांत किंमत आणि समाधान यांचा तसा संबंध दिसला नाही. साडूभाऊंचा स्पीकर साडूभाऊंनाच जास्त आवडला असणार.

वर्धाकन्या
थोडं वेगळं. मला मिळालेली सगळ्यात छान भेट म्हणजे माझ्या चौथीच्या मराठीच्या पुस्तकातली पानं. बालभारतीने जुनी पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर ठेवली आहेत. मावसभावाने त्यातून माझ्या वर्षीचं पुस्तक शोधलं, मला पाठ असलेल्या कवितेची आणि एका धड्याची रंगीत प्रत काढली आणि जुन्या पुस्तकांना घालायचो तसं खाकी कव्हर घातलं. वर लेबल, त्यावर माझं नाव, इयत्ता, तुकडी. खर्च प्रिंटिंगचा तेवढा. मी धड्याखालचे प्रश्नसुद्धा वाचत बसले होते. त्याने एका रिकाम्या जागेत मिशी काढून ठेवली होती, कारण लहानपणी माझ्या पुस्तकांत तो हेच उद्योग करायचा.

महालची_लेक
हे फार गोड आहे. चोरते.

बर्डीकर
वर्धाकन्येच्या धर्तीवर अजून एक. टपाल खात्याची 'माय स्टॅम्प' योजना आहे, आपल्या फोटोची तिकिटं छापून मिळतात. सिव्हिल लाइन्सच्या जीपीओत फिलाटेलीच्या खिडकीवर चौकशी करा. मी आजोबांची केली होती, तेव्हा पाच रुपयांच्या १२ तिकिटांचं पान ३०० ला पडलं. फोटो आणि ओळखपत्र लागते. आजोबा आयुष्यभर पोस्टात होते, स्वतःच तिकिटावर आले म्हटल्यावर त्यांनी एकही तिकीट पाकिटाला चिकटवू दिलं नाही. आम्ही म्हटलं पत्र पाठवा कोणाला तरी, तर म्हणाले "माझ्या तोंडावर शिक्का मारू का?"

पुणेरी_जावई
३०० म्हणजे मर्यादेबाहेर.

बर्डीकर
पन्नासाने काय होते बे!

पुणेरी_जावई
इथूनच ब्लूटूथ स्पीकर सुरू होतो.

कामठीकर
रोप द्या. महाराजबागेतल्या रोपवाटिकेतून तुळस, गवती चहा, मोगरा काहीही स्वस्तात मिळते. फक्त नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करा. डिसेंबरात त्या गुबगुबीत पानांच्या परदेशी रोपांवर सगळे भाळतात आणि मे महिन्यात ४५ अंशात त्यांचा पापड होतो. अडुळसा द्या, कोरफड द्या. मरायलाच तयार नसतात.

शून्यमैल
कोरफड मी मारली आहे.

संत्रागोळी
बजेट कमी असलं की पॅकिंगवर उधळपट्टी करू नका एवढंच सांगते. चकचकीत कागद, रिबन, वरची पिशवी यात साठ-सत्तर रुपये जातात आणि आत पावणेदोनशेची वस्तू उरते. आमच्याकडे जुन्या साड्यांचे काठ कापून ठेवलेले असतात. वस्तू वर्तमानपत्रात बांधायची, वरून काठाची पट्टी. माझ्या वहिनीने एकदा आजीच्या विरलेल्या इरकलीचा काठ वापरला. आत काय होतं ते आत्याला आठवत नाही, काठ तिने कपाटात ठेवला आहे.

पुस्तकं हवी असतील तर बर्डीच्या फुटपाथवर जुनी पाहा. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तेव्हाच मी वर्षभराची खरेदी करून ठेवते, तिथे चाळीस-पन्नासातही चांगलं हाती लागते. डिसेंबरात ऑनलाइन मागवाल तर जरा जपून. एका ठिकाणाहून मातीचा कप मागवला, तर कपाचे तुकडे आणि कान वेगळा असा आला. परत घ्यायला आठ दिवस, तोवर कार्यक्रम उरकला.

कोराडीतला_अभियंता
इथे सगळे वस्तू सांगून राहिले, माणसाबद्दल कोणी विचारलंच नाही. ताई, भासरे दिवसभर करतात काय?

खामल्याची_सून
बरं झालं विचारलंत. सकाळी अंबाझरीला एक चक्कर, मग पेपर, मग दुरुस्ती. गल्लीत कोणाचा मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन बंद पडला की तो ह्यांच्या ओसरीवर येतो. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. पाटावर पेपर अंथरायचा, मांडी घालून बसायचं, रेडिओ लावायचा. स्क्रू टूथपेस्टच्या झाकणांत, नट श्रीखंडाच्या डब्यांत. कोणत्या डब्यात काय आहे ते त्यांनाच ठाऊक, जाऊबाईंनी एकदा डबे धुवून ठेवले तर दोन दिवस अबोला. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, आणि ती मात्र दुरुस्त करत नाहीत.

एक गोष्ट मला बघवत नाही. वायर दातांनी सोलतात! समोरच्या दातांचं ब्रिज बसवलं आहे, डॉक्टरांनी दम भरला आहे, तरी तेच. प्लास्टिक दातात धरायचं, वायर ओढायची, थू करून बाजूला.

कोराडीतला_अभियंता
अहो ताई, मिळाली ना तुमची भेट! वायर स्ट्रिपर. पकडीसारखा असतो, वायर खाचेत धरायची, दाबायचं, ओढायचं, आतली तार न तुटता वरचं आवरण निघून येते. जाडी बदलायला त्याला एक छोटा स्क्रू असतो, तेवढं एकदा बसवून घ्यायचं. साधा, चांगल्या भारतीय कंपनीचा दोनशेच्या आतबाहेर मिळतो. बर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. उरलेल्या पैशात इन्सुलेशन टेप घ्या, लाल, पिवळी, हिरवी. काळी त्यांच्याकडे असणारच.

आमच्या प्लांटमध्येही जुने लोक दातच वापरतात. हत्यार समोर असलं तरी. म्हणून घेताना हँडलला रबर आहे, हाताला बसते का ते पाहा. नाहीतर श्रीखंडाच्या डब्यात जाईल.

तर्रीबाज
पहिल्या प्रतिसादात टेस्टर कोण म्हणालं होतं? कोणी ऐकते का गरिबाचं.

महालची_लेक
टेस्टर त्यांच्याकडे नोकरीला लागल्यापासून असेल. पण तुझी दिशा बरोबर होती, घे, अर्धा गुण.

खामल्याची_काकू
हे बरोबर सुचवलं. सूनबाई, चष्म्याच्या काडीचंही बघ. बर्डीत चष्म्याच्या दुकानात काडीचा स्क्रू किरकोळ पैशात बसवून देतात. पण ते भेटीत धरू नको, असंच एक दिवस चष्मा घेऊन जा.

मास्तर_निवृत्त
एक शंका. जे माणूस स्वतःसाठी घेत नाही ते आपण दिलं, तर त्यात "तुमची पद्धत चुकीची आहे" असा सूर येतो का? माझ्या सुनेने मला पाणी प्यायची आठवण करून देणारी बाटली दिली होती. वापरतो, पण दर तासाला ती उजळली की शिक्षा झाल्यासारखं वाटतं.

कोराडीतला_अभियंता
बाटली तुमच्यावर पाळत ठेवते मास्तर, म्हणून. स्ट्रिपर काही बोलत नाही. वापरायचा तर वापरा. सोबत दातांबद्दल चिठ्ठी मात्र लिहू नका ताई.

वर्धाकन्या
शंभर टक्के. चिठ्ठी लिहायचीच तर "पुढचा मिक्सर माझा" असं लिहा.

इतवारीचा_भाऊ
म्या काय म्हंतो, हे सगळं ठीक हाय, पण ज्याच्या चिठ्ठीत असा माणूस निंगला का ज्याले तुम्ही वर्षातून एकडाव पाह्यता, त्यानं काय कराव? लांबच्या जावयाचं नाव आलं मले मांगं. तो काय करते, काय खाते, काही ठाव नाई. शेवटी संत्री नेली पेटीभर.

महालची_लेक
भाऊ, संत्री काय वाईट? डिसेंबरात आंबिया बहाराची शेवटची असतात, मृगाची यायला फेब्रुवारी उजाडते. बाहेरगावच्या माणसाला नागपुरी संत्री म्हणजे सोनं. आणि माणूस माहीत नसेल तर त्याच्या बायकोला फोन लावायचा. दोन मिनिटांचं काम आहे, बायका पंचवीस मिनिटं सांगतात.

इतवारीचा_भाऊ
पेटीचे तीनशेच्या वर गेले होते. पुणेरी जावयांना सांगू नका.

पुणेरी_जावई
वाचलं. फळांना सूट.

खामल्याची_सून
मंडळी, कार्यक्रम झाला, कालच परत आलो. स्ट्रिपर आणि दोन रंगांच्या टेप मिळून मर्यादेत बसलं. संत्रागोळी यांच्या सल्ल्याने वर्तमानपत्र आणि साडीचा काठ. भासऱ्यांनी उघडलं, उलटंपालटं करून पाहिलं, "कोणं आणलं हे, फुकट खर्च" म्हणाले. चला, वाक्य बदललं तरी. मग उठून गेले. जेवणाला हाका मारल्या तर सापडेनात. पुतण्याने शोधलं, विहिरीजवळच्या पंपघरात मेन स्विच पाडून स्टार्टरचं झाकण उघडून बसले होते, गेल्या वर्षीपासून लोंबकळत असलेली वायर बदलत. सोललेल्या वायरचे तुकडे एका ओळीत ठेवले होते. जावई मंडळी वाट पाहत ताटकळली, जाऊबाई माझ्याकडे संशयाने बघून राहिल्या.

दात वापरले का, हे मी विचारलं नाही. चष्म्याचं काम या आठवड्यात करते, काकू.

मला काय मिळालं म्हणता? फोटो छापलेला मग. फोटोत मी नाही, चुलत नणंद आहे. दुकानदाराने मगांची अदलाबदल केली म्हणे.

जरीपटका_एक्सप्रेस
म्हणजे नणंदेच्या घरी तुमच्या फोटोचा मग आहे. दोघींनी बदलू नका, भांडण झालं की एकमेकींच्या तोंडाचा चहा प्या.

शून्यमैल
मान्य, वरचं सावजीचं म्हणणं मागे घेतो. अर्धं. जेवण तरीही पाहिजे होतं.

नवा_सभासद_मानेवाडा
नमस्कार, आजच नाव नोंदवलं. सगळा धागा वाचला. माझ्या चिठ्ठीत तेरा वर्षांचा भाचा निघाला आहे, मर्यादा २०० आणि कार्यक्रम परवा. तो मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. काय देऊ?

खामल्याची_काकू
पतंग आणि चक्री. संक्रांत तोंडावर आहे, बाजार भरला आहे. मांजा सुती घे, नायलॉनचा अजिबात नको, बंदी आहे आणि गळे कापते तो.

तर्रीबाज
गच्चीवर तुम्हीही जा सोबत. नुसतं सामान देऊन पोरगा वर जात नाही. पहिली पतंग तुमची कटू द्या आणि त्याला "ओ काट" ओरडू द्या.

नवा_सभासद_मानेवाडा
मला स्वतःलाच उडवता येत नाही हो.

तर्रीबाज
मग तर कटायची चिंताच नाही. जुन्या शुक्रवारीकडे जाऊन या आज संध्याकाळी, परवा म्हणता म्हणता गर्दी वाढते.